पाहुण्याची वीस मिनिटं: क्लबाच्या दुपारच्या सभेत वक्ता आणि जेवण कसं जमवावं

आमच्या क्लबात एकदा मातीपरीक्षणावर बोलायला एक कृषी अधिकारी आले होते. साठ किलोमीटरवरून, स्वतःच्या गाडीनं, सोबत तीन बरण्यांत तीन गावांची माती घेऊन. भाषण सव्वा वाजता ठरलं होतं. त्याआधी दीपप्रज्वलन झालं, मग व्यासपीठावरच्या सात जणांना गुलाबपुष्पं, मग सदस्यांच्या दहावी पास झालेल्या मुलांचा सत्कार, मग महिन्याभरातले वाढदिवस, मग एका माजी अध्यक्षांचे ‘फक्त दोन शब्द’. दोनला दहा कमी असताना माइक पाहुण्यांच्या हातात आला आणि त्याच क्षणी मागे केटररच्या पोरांनी बुफेची झाकणं उघडली. मसालेभाताचा वास हॉलभर पसरला. पाहुण्यांनी आठ मिनिटांत आवरलं. बरण्या उघडल्याच नाहीत, तशाच पिशवीत परत गेल्या. कार्यक्रम समितीचा प्रमुख मीच होतो.

पुढे जे लिहिलं आहे ते त्या दिवसानंतर तीन वर्षं चुकत-माकत बसवलेलं आहे. आमचा क्लब रोटरीचा, तालुक्याच्या गावचा, ६०-६५ सदस्यांचा. लायन्स असो, जायंट्स असो, व्यापारी मंडळ असो, अडचणी त्याच असतात.

गोंधळ मुळात कुठून येतो

दोन परंपरा एका हॉलमध्ये येऊन आदळतात, म्हणून.

एक परंपरा शिकागोची. २३ फेब्रुवारी १९०५ ला पॉल हॅरिस नावाच्या वकिलानं तीन ओळखीच्यांना घेऊन पहिली बैठक भरवली. बैठक आळीपाळीनं एकेकाच्या ऑफिसात फिरायची म्हणून नाव पडलं रोटरी. एका व्यवसायाचा एकच माणूस घ्यायचा असा नियम होता, कारण सुरुवातीचा हेतू सरळ होता: चार भरवशाचे लोक ओळखीचे व्हावेत आणि एकमेकांना धंदा मिळावा. सेवा मागाहून आली, आणि ती आली शहरात सार्वजनिक स्वच्छतागृहं बांधण्याच्या खटपटीतून. व्यापाऱ्यांच्या मंडळाचं पहिलं नाव घेण्यासारखं काम शौचालयाचं, हे मला फार आवडतं. लायन्स १९१७ चं, तेही शिकागोचंच, मेल्विन जोन्स या विमा व्यावसायिकाच्या पुढाकारानं उभं राहिलेलं. आपल्याकडे मुंबईचा रोटरी क्लब १९२९ चा आणि भारतातला पहिला लायन्स क्लबही मुंबईतच, १९५६ मध्ये. जेवता जेवता ओळखी, मग छोटं भाषण, मग परत कामावर, ही या क्लबांची मूळ चाल.

दुसरी परंपरा आपली, व्याख्यानमालेची. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली, म्हणजे रोटरीच्या तीस वर्षं आधी. आपल्याला व्याख्यान म्हटलं की तासाभराचं लागतं, प्रास्ताविक लागतं, परिचय लागतो, अध्यक्षीय समारोप लागतो. संध्याकाळी सहा ते आठ या वेळेत हे सगळं शोभतं. दुपारी दीड वाजता, पोटात भूक आणि दुकानावर पोऱ्या एकटा असताना, नाही शोभत. दुपारच्या सभेतून व्याख्यानमालेचं सामान बाहेर काढणं हेच कार्यक्रम प्रमुखाचं खरं काम.

घड्याळ पाहुण्यापासून उलटं मोजा

बहुतेक क्लबांत कार्यक्रमपत्रिका वरून खाली लिहितात आणि पाहुणा शेवटी उरेल त्या जागेत बसवतात. उलटं करा. आधी कागदावर भाषणाची वीस मिनिटं लिहा. त्याच्या पुढे-मागे बाकीचं जेवढं मावेल तेवढंच ठेवा. आमचा आराखडा असा:

१२.४५ – दार उघडं, नावाच्या चिठ्ठ्या, ताक
१.०० – जेवण
१.३० – घंटा, सेक्रेटरीच्या सूचना, वाढदिवस
१.३७ – पाहुण्यांची ओळख
१.३८ ते १.५८ – भाषण
१.५८ ते २.१० – प्रश्न
२.१० – आभार आणि भेट
२.१५ – राष्ट्रगीत, घंटा

१.३८ ही वेळ मुद्दाम अशी वाकडी लिहितो. ‘दीड’ म्हटलं की लोक पावणेदोन समजतात. १.३८ लिहिलं की हसतात, पण लक्षात ठेवतात.

सात मिनिटांत वाढदिवस कसे बसवायचे? सगळ्यांना एकत्र उभं करायचं, एकदा टाळ्या, एकच फोटो. शाल-श्रीफळ, मानपत्र, मुलांचं कौतुक हे सगळं महिन्याच्या शेवटच्या संध्याकाळच्या सभेला, जिथे घरचे लोक असतात आणि कौतुकाला वेळही असतो. हे पहिल्यांदा मांडलं तेव्हा दोन ज्येष्ठ रुसले होते. एकाला मी म्हटलं, “काका, तुमचा सत्कार काकूंसमोर करायचा आहे, इथे कोण बघणार?” ते विरघळले. दुसरे अजून रुसलेलेच आहेत.

वार ठरवताना गावाकडे बघा. आठवडी बाजाराचा दिवस गेला. डॉक्टरांची ओपीडी एक-दीडला आवरते, वकिलांना कोर्टाची मधली सुट्टी असते, आणि दुपारी दुकान ओढून घ्यायची आपल्याकडची जुनी खोड इथे चक्क उपयोगी पडते. दर आठवड्याला जेवणाची सभा गावाला झेपत नाही. रोटरीत २०१६ पासून महिन्यातून किमान दोन सभांची मुभा आहे. त्यातली एक दुपारची आणि एक संध्याकाळची ठेवली की दोन्ही प्रकारचे लोक सांभाळले जातात.

वक्ता शोधणं

मोठं नाव शोधू नका. ते येत नाही, आलं तर उशिरा येतं, आणि आल्यावर तुमच्या गावाविषयी त्याला काही माहीत नसतं. शोधायचा तो असा माणूस, ज्याचं काम सगळ्यांना रोज लागतं पण कसं चालतं ते कुणाला ठाऊक नसतं. आमच्याकडे आजवर सगळ्यात जास्त प्रश्न कुणाला आले असतील तर महावितरणमधून निवृत्त झालेल्या एका लाइनमनला. वादळी पावसात रात्री फॉल्ट कसा शोधतात, खांबावर चढण्याआधी लाइन बंद असल्याची खात्री कशी करतात, आणि घरचा इन्व्हर्टर किंवा जनरेटर चुकीचा जोडला असेल तर बंद लाइनमध्ये उलटा करंट येऊन माणूस कसा जातो, हे त्यांनी हातवारे करून सांगितलं. पडदा नाही, स्लाइड नाही. सभा संपल्यावर तीन जणांनी आपापल्या इलेक्ट्रिशियनला फोन लावले, माझ्यासमोर.

अशी माणसं प्रत्येक गावात आहेत. एसटी आगाराचे वाहतूक नियंत्रक, पोस्टमास्तर, रक्तपेढीचे तंत्रज्ञ, सर्पमित्र, निर्यातीची द्राक्षं करणारा शेतकरी, बालवाडी चालवणाऱ्या ताई. पोलिसांच्या सायबर शाखेतून कुणी आलं तर वर्षातून एकदा बोलवाच. ऑनलाइन फसवणूक झाली की १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करायचा, जितका लवकर तितके पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त, एवढी एक गोष्ट चाळीस व्यापाऱ्यांच्या डोक्यात बसली तरी सभेचा खर्च वसूल.

वर्षाचा तक्ता जूनमध्येच करा. रोटरीचं वर्ष १ जुलै ते ३० जून आणि महिन्यांना विषय नेमलेले असतात: सप्टेंबर साक्षरतेचा, डिसेंबर रोगप्रतिबंधाचा, जानेवारी व्यवसाय सेवेचा, मार्च पाणी आणि स्वच्छतेचा. २४ ऑक्टोबर हा जागतिक पोलिओ दिन. भारतातला शेवटचा पोलिओ रुग्ण जानेवारी २०११ मधला, त्यामुळे त्या आठवड्यात पल्स पोलिओच्या बूथवर राबलेल्या एखाद्या जुन्या आशाताईंना किंवा परिचारिकेला बोलवावं. दिल्लीचे आकडे त्यांना ठाऊक नसतील, पण थंड डबा खांद्यावर घेऊन वाड्या-वस्त्या कशा पालथ्या घातल्या ते त्याच सांगू शकतात. या विषयांवर आपलं पंचांग बसवा. सर्पदंश पावसाळ्यात, परीक्षेचा ताण जानेवारीत, विहीर-बोअरवेल मार्चमध्ये. मार्चमध्ये बँक मॅनेजर आणि सी. ए. यांना मात्र बोलावू नका. वक्ता म्हणून सोडाच, जेवायलाही यायचे नाहीत.

कुणाला टाळायचं? माझी यादी छोटी आहे आणि थोडी कडवट. प्रेरणादायी भाषणं करणारे, कारण टाळ्या भरपूर पडतात आणि दुसऱ्या दिवशी कुणाला एक वाक्य आठवत नाही. भाषणाच्या शेवटी फॉर्म वाटणारे. आणि निवडणुकीच्या रिंगणात असलेले किंवा उतरू पाहणारे. रोटरी कुठल्या पक्षाची वा उमेदवाराची बाजू घेत नाही, हा नियम तुमच्या बाजूनं आहे. “साहेब, वरून बंदी आहे” असं म्हणता येतं आणि गावातले संबंधही टिकतात.

एक अट मात्र पाळा: समितीतल्या किमान एकानं त्या माणसाला बोलताना ऐकलेलं असलं पाहिजे. चहाच्या टपरीवर ऐकलेलं चालेल.

आणि एक सदस्य कायम राखीव ठेवा. प्रत्येक सदस्यानं आपल्या धंद्यावर पंधरा मिनिटं बोलायचं ही या क्लबांची जुनी पद्धत आहे. पाहुण्याची गाडी घाटात अडकली की अर्ध्या तासाच्या सूचनेवर उभा राहील असा एक जण दर सभेला ठरलेला असावा. आमच्या एका सराफ मित्राचं हॉलमार्किंगवरचं भाषण असंच ऐनवेळी झालं, आणि सहा वर्षं शेजारी बसणाऱ्यांनाही सोन्यावरच्या खुणा कशा वाचायच्या ते तेव्हा प्रथम कळलं.

बोलावणं

आधी फोन, मग लेखी. फोनवर माणूस हो म्हणतो, लेखीवर येतो. माझा नेहमीचा मजकूर असा असतो:

“नमस्कार सर. फोनवर ठरल्याप्रमाणे मंगळवारी दुपारी आपण आमच्या क्लबात ‘साप चावल्यानंतरचा पहिला तास’ या विषयावर बोलणार आहात. ऐकायला साधारण ४० जण असतील: दुकानदार, डॉक्टर, शिक्षक, शेती करणारे. आपण १२.५० ला यावं, १ वाजता आमच्यासोबत जेवण. भाषण बरोबर १.३८ ला सुरू होईल, २० मिनिटं, त्यानंतर १२ मिनिटं प्रश्न. २.१५ ला आपण मोकळे. आम्ही मानधन देत नाही, प्रवासखर्च देतो. न्यायला आमचे एक सदस्य येतील, त्यांचा नंबर खाली देत आहे.”

यात ‘कोण ऐकणार’ हे वाक्य सगळ्यात मोलाचं. ते नसेल तर डॉक्टर डॉक्टरांसाठी तयारी करून येतात आणि किराणा दुकानदार घोरतात. विषयही असा अरुंदच द्यावा. ‘साप’ म्हटलं तर माणूस पुराणापासून सुरू करतो. ‘पहिला तास’ म्हटलं की नाग, मण्यार, घोणस, फुरसं एवढं सांगून थेट मुद्द्यावर येतो: आवळून बांधू नका, चिरा देऊ नका, चावा बसलेला हात-पाय हलू देऊ नका, सरळ दवाखाना.

त्याच फोनवर चार गोष्टी विचारून घ्या. कसे येणार, काय खात नाही, पडदा लागेल का, आणि नाव कसं लिहायचं. आडनावात ळ आहे की ल, पदाचं नाव नेमकं काय. आमच्या एका बॅनरवर पाहुण्यांच्या नावापुढे पद एक पायरी खालचं छापलं गेलं होतं. ते काही बोलले नाहीत. पण सगळ्या फोटोंत बॅनरकडे पाठ करून उभे होते.

मानधनाविषयी माझं मत: सरकारी अधिकारी, डॉक्टर, प्राध्यापक यांना प्रवासखर्च पुरे. पण जो माणूस रोजावर जगतो, गवंडी, मेकॅनिक, बँडवाला, त्याचा त्या दिवसाचा बुडालेला रोज पाकिटात घालून आधीच द्यावा. ‘सेवा’ म्हणून त्याच्याकडून फुकट घ्यायची आणि आपण जिलबी खायची, हे बरं दिसत नाही.

आठवड्याआधी एक आठवण, आदल्या दिवशी संध्याकाळी एक फोन. त्याहून जास्त केलं तर माणूस वैतागतो.

जेवण

इथे थोडा रेंगाळतो, कारण निम्म्या सभा इथे बिघडतात.

पहिला हिशोब बुफेचा. एका माणसाला ताट घेऊन भाजी, पोळी, वरण, भात, कोशिंबीर असं पुढे सरकत जायला सरासरी चाळीस सेकंद धरा. चाळीस माणसं, एकेरी रांग: सव्वीस-सत्तावीस मिनिटं. म्हणजे शेवटच्या माणसाच्या ताटात वरण पडतं तेव्हा घंटा व्हायची वेळ झालेली असते. टेबल भिंतीपासून ओढून मधोमध ठेवलं आणि दोन्ही बाजूंनी रांग सोडली की तेच काम तेरा-चौदा मिनिटांत होतं. त्याहून चांगलं म्हणजे थाळी वाढून देणं. सगळे एका वेळी बसतात, एका वेळी उठतात, आणि मुख्य म्हणजे एकमेकांशी बोलतात. बुफेत माणूस ओळखीच्याच मागे उभा राहतो आणि त्याच्याच शेजारी खातो.

पदार्थ हलके. पोळी, एक सुकी भाजी, एक उसळ, आमटी, भात, कोशिंबीर, ताक, आणि गोड हवंच असेल तर एक वाटी फळं. बासुंदी-पुरीनंतर भाषण ठेवणं हा वक्त्यावर अन्याय आहे. मी एकदा केला आहे. पहिल्या ओळीतले आमचे कोषाध्यक्ष पाहुण्यांच्या प्रत्येक वाक्याला मान हलवत होते, पण ती मान होकाराची नव्हती.

तारीख बघताना कालनिर्णय उघडा. संकष्टीला आणि एकादशीला साबुदाण्याची खिचडी किंवा भगर निराळी सांगावी लागते, श्रावणात कांदा-लसूण न खाणारे वाढतात, जैन सदस्यांना बटाटा चालत नाही. ग्रुपवर “कुणाला काय नको?” असं विचारलं तर उत्तर येत नाही. वहीत एकदाच प्रत्येकाच्या नावासमोर लिहून ठेवा, वर्षभर पुरतं.

आकडा केटररला आदल्या दिवशी दुपारी द्यावा लागतो. ग्रुपवर ‘हो’ म्हटलेले मोजा, ‘बघतो’ म्हणजे नाही आणि अंगठा म्हणजे मेसेज वाचला एवढंच. हो म्हणून न येणाऱ्याचं ताट त्याच्या नावावर लावायचं असं आम्ही ठरवलं आणि पहिल्याच महिन्यात खुद्द अध्यक्षांकडून वसूल केलं. त्यानंतर कुरकुर झाली नाही. पाहुण्यांच्या ड्रायव्हरचं ताट मोजायला विसरू नका. बाहेर गाडीत बसलेला माणूस उपाशी आणि आत सेवेवर भाषण, असं व्हायला नको.

जेवण भाषणाआधी की नंतर? आधी. नंतर ठेवलं तर लोक भाषणाच्या शेवटी पोहोचतात, किंवा वासानं बेचैन होतात. जेवून लगेच पळणारे चार-पाच निघतात हे खरं. त्यांना पळू द्यावं.

टेबलावर कोण कुणाशेजारी

मोकळं सोडलं तर कापडवाले कापडवाल्यांशेजारी बसतात, डॉक्टर डॉक्टरांशेजारी, आणि माजी अध्यक्ष पंख्याखाली. मग ‘नेटवर्किंग’ म्हणजे तीच ती चौकडी. म्हणून नावाच्या चिठ्ठ्या. सहा-सहाची टेबलं, प्रत्येक टेबलाला एक यजमान. यजमानाचं काम एवढंच: सगळ्यांची एकमेकांशी ओळख करून देणं, आणि एक प्रश्न फिरवणं.

तो प्रश्न ‘तुम्ही काय करता?’ असा नको. त्याचं उत्तर पाटीवर असतं. आम्ही विचारतो, “या महिन्यात तुमचं काय अडलंय?” पहिल्या खेपेला लोक लाजले. मग नर्सरीवाल्या एक ताई म्हणाल्या, “रोपांना लावलेली नावं पहिल्या पावसात धुऊन जातात, गिऱ्हाईक आंबा म्हणून चिकू नेतं.” समोर प्रिंटिंग प्रेसवाले बसले होते. त्यांनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला आणि विचारलं, “पट्टी केवढी हवी? प्लास्टिकवर छापून देतो, दोरा ओवायला भोक पाडून.” दोघं सहा वर्षं एकाच क्लबात होते. बोलणं पहिलं.

पाहुण्यांच्या शेजारी अध्यक्षांनी बसायचं अशी रीत आहे. एका बाजूला बसू द्या. दुसऱ्या बाजूला त्या विषयाची गरज असलेला सदस्य बसवा, आणि समोर एखादा नवा. पाहुणा जेवताना काय सांगतो ते भाषणाहून चांगलं असतं, ते अध्यक्षांच्या कानात वाया जाऊ नये.

स्त्रिया सदस्य असतील तर (रोटरीचं दार जगभर त्यांना १९८९ साली उघडलं) टेबलाच्या यजमानाला आधीच सांगून ठेवा की ‘तुम्ही कुणाच्या मिसेस?’ हा प्रश्न विचारायचा नाही. आमच्याकडे पॅथॉलॉजी लॅब चालवणाऱ्या एक डॉक्टर मॅडम आहेत. पहिल्या तीन सभांत त्यांना हा प्रश्न पाच वेळा ऐकावा लागला. चौथ्या सभेला आल्या नाहीत. मला फोन करून समजूत काढावी लागली, आणि माझ्याकडे सांगण्यासारखं फारसं काही नव्हतं.

विक्रीचा नियम सोपा ठेवा. कुणी विचारलं तर कार्ड द्यावं. प्रत्येक ताटाखाली कार्ड सरकवत फिरू नये. विमा आणि म्युच्युअल फंडवाल्या मित्रांना हे प्रेमानं, पण एकेकट्याला गाठून सांगावं लागतं.

त्या दिवशी

साडेबाराला पोहोचा. माइकमध्ये नवे सेल घाला, जुने ‘चालतायत’ असं कुणी म्हटलं तरी. पडदा लागणार असेल तर पाहुण्यांची फाइल आदल्या रात्रीच मागवून क्लबाच्याच लॅपटॉपवर उघडून बघा, मराठी अक्षरं चौकोन होऊन दिसत नाहीत ना हे तपासा. वीज गेली तर काय, याचं उत्तर ठरलेलं असू द्या. पाहुण्यांना आल्याबरोबर आधी हात धुवायची जागा दाखवा, मग हार-तुरे.

ओळख एका मिनिटाची. जन्मगाव, शिक्षण, पुरस्कारांची यादी वाचायची नाही. तीन वाक्यं पुरतात: हे कोण, आज याच विषयावर हेच का, आणि आपल्याला याचा काय उपयोग. उदाहरणार्थ: “आजचे पाहुणे अठरा वर्षं आपल्या तालुक्यात साप पकडून जंगलात सोडतात. गेल्या पावसाळ्यात आपल्या दोन सदस्यांच्या शेतावर ते रात्री येऊन गेले. साप चावला तर दवाखान्यात पोहोचेपर्यंत काय करायचं आणि काय नाही, ते आज ते सांगणार आहेत.” बसा. परिचय देणारा पाहुण्यांपेक्षा जास्त वेळ लक्षात राहिला तर काहीतरी चुकलं.

वेळेची खूण आधी सांगून ठेवा. पाच मिनिटं उरली की मी शेवटच्या टेबलापाशी उभा राहतो. चिठ्ठी पाठवली की वक्ता गडबडतो, घंटा वाजवणं उद्धट वाटतं, उभा माणूस बरोबर समजतो.

प्रश्नांच्या वेळी पहिली दोन मिनिटं शांतता असते. म्हणून पहिला प्रश्न आधीच कुणाला तरी देऊन ठेवा, शक्यतो नव्या सदस्याला. दुसरा धोका शांततेच्या उलट. “प्रश्न नाही, माझा अनुभव सांगतो” असं म्हणत एक ज्येष्ठ उठतात. प्रत्येक क्लबात ते असतात. माइक त्यांच्या हातात द्यायचा नाही, आपणच धरायचा. हात लांबवला की माइक लांब जातो.

आभार मानणाऱ्यानं भाषण पुन्हा सांगू नये. ऐकलेली एक गोष्ट सांगावी, जी तो स्वतः घरी जाऊन करणार आहे. भेट म्हणून शाल नको, प्रत्येक वक्त्याच्या कपाटात वीस आहेत. रोपही नको, उन्हात गाडीत करपतं. आम्ही गावातल्या बचत गटाची कारळ्याची चटणी आणि हातसडीचे पोहे देतो. पुढच्या वर्षी काही जण फोन करून मागवतात, गटाला गिऱ्हाईक मिळतं.

नंतर

संध्याकाळीच आभाराचा मेसेज आणि दोन चांगले फोटो. बुलेटिनमध्ये छापताना डावीकडून नावं, आणि पाहुण्यांचं नाव तपासून. एवढं सगळेच करतात.

जे राहून जातं ते हे: भाषणात पाहुण्यानं एखादी अडचण बोलून दाखवलेली असते. रक्तपेढीवाले म्हणतात मे महिन्यात रक्त कमी पडतं, कॉलेजं बंद असतात म्हणून. सर्पमित्र म्हणतो टॉर्च नीट नाही. सात दिवसांच्या आत समितीनं त्यातली एक गोष्ट उचलायची किंवा नाही म्हणून कळवायचं, असं ठरवून घ्या. मेमधलं आमचं रक्तदान शिबिर असंच सुरू झालं. त्या कृषी अधिकाऱ्यांनाही दीड वर्षानं पुन्हा बोलावलं. मी स्वतः न्यायला गेलो. १.३८ ला उभे राहिले, तिन्ही बरण्या उघडल्या, आणि पहिल्या टेबलावरच्या शेतकरी सदस्यानं चिमूट घेऊन जिभेला लावून बघितली.

एक वही ठेवा, फोनमध्ये नाही, वहीच. तारीख, वक्ता, विषय, कुणी सुचवला, किती जण आले, किती ताटं उरली, किती प्रश्न आले, पुन्हा बोलवायचं का. शेवटच्या रकान्यात खरं लिहायचं, म्हणून ती वही अध्यक्षांना दाखवायची नाही.

३० जूनला ती नव्या प्रमुखाच्या हातात द्यायची, आणि देताना जुलैचे दोन्ही वक्ते जुन्या प्रमुखानंच ठरवून द्यायचे. नव्या मंडळींचे पहिले तीन आठवडे पदग्रहणाच्या हारांतून मान बाहेर काढण्यात जातात.